व्रणातील गाठ : रुग्णेचा शब्द आणि शल्यवैद्याचे निदान

सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी पोटावरील जुन्या व्रणात टणक गाठ हाताला लागते. नाशिक रोडसारख्या ठिकाणी, जेथे शहरातील व भोवतालच्या खेड्यांतील स्त्रिया एकाच बाह्यरुग्ण विभागात येतात, ही तक्रार बहुधा दोनच शब्दांत सांगितली जाते : 'टाका दुखतो'. या शब्दांनी दुखण्याचे स्थान अचूक कळते. परंतु त्यांबरोबर कारणाविषयीचे एक गृहीतही नकळत स्वीकारले जाते. आत दोरा राहिला असावा, पू झाला असावा किंवा हर्निया असावा, याच दिशेने विचार सुरू होतो. वस्तुतः ही गाठ उदरभित्तीतील एन्डोमेट्रिऑसिसची असू शकते.

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे, हे या विकाराचे स्वरूप होय. पाळीचे रक्त बीजनलिकांतून उलट उदरपोकळीत जाते व तेथे अस्तराचे कण रुजतात, असा सिद्धान्त अमेरिकन वैद्य जॉन सॅम्पसन यांनी 1927 साली मांडला. व्रणातील गाठीची उपपत्ती याहून सरळ आहे. शस्त्रक्रियेत गर्भाशय उघडले असता अस्तराचे कण कापलेल्या थरांत पडतात व तेथेच रुजतात, असे मानले जाते. हे ऊतक अंतःस्रावांना प्रतिसाद देते. म्हणून पाळीच्या सुमारास गाठ फुगते व ठणकते. शंभर सिझेरियनांमागे एकाहूनही कमी स्त्रियांत हा विकार आढळतो. तथापि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात शंभरांतील सुमारे 21 प्रसूती सिझेरियनने झाल्या, हे ध्यानात घेता तो उपेक्षणीय ठरत नाही.

अंतःस्रावी औषधांनी वेदना काही काळ शमते, परंतु गाठ सहसा जात नाही. मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच. भूल देण्यापूर्वी गाठीची जागा त्वचेवर आखून घेणे सोयीचे असते. गाठ न फोडता, भोवतीच्या सुमारे 1 सेंटिमीटर निरोगी ऊतकासह ती समग्र काढावी लागते. स्नायूवरील आवरणाचा मोठा भाग काढावा लागल्यास तेथे जाळी बसवितात. अन्यथा पुढे हर्नियाचे भय राहते. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीने निदान पक्के होते. गाठ अपुरी काढली गेल्यास ती पुन्हा उद्भवण्याचा संभव वाढतो.

शस्त्रक्रियेच्या या यशाचा पाया मात्र संभाषणात आहे. मराठीत पाळीचा उल्लेख परंपरेने आडवळणाने होतो : 'कावळा शिवला', 'बाजूला बसली', 'अडचण आली'. त्यामुळे टाक्याची वेदना आणि पाळी यांचा संबंध रुग्णेच्या ध्यानात आला असला, तरी तो तिच्या बोलण्यात येतोच असे नाही. 'किती दिवसांपासून दुखते?' या प्रश्नाला कालावधीचे उत्तर मिळते. 'पाळीच्या दिवसांत अधिक दुखते काय?' या प्रश्नाला आवर्तनाचे. निदानास उपयोगी पडते ते हे दुसरे उत्तर. अर्थात अनेक रुग्णांत वेदना सतत असते. म्हणून उत्तर नकारार्थी आले तरी संशय सोडता येत नाही, आणि सोनोग्राफी वा एमआरआयचे साहाय्य घ्यावे लागते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली नाशिक येथेच स्थापन झाले. वैद्यकाचे शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होत असले, तरी रुग्णेची वेदना मराठीतूनच प्रकट होते. त्या मराठीचा अभ्यास हा निदानशास्त्राचाही भाग मानला गेला, तर टाका दुखतो म्हणणाऱ्या स्त्रीची काही वर्षांची वेदना एका नेमक्या प्रश्नाने वाचू शकेल.