नव्या कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटं

वडिलांची १९७८ सालची अॅम्बॅसिडर मी अजून सांभाळून आहे. या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. त्यामुळे सुटा भाग मिळवणं म्हणजे वणवण. अशीच वणवण करून मी नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट आणले. इंजिन सुरू केलं, तर कार्बुरेटर गळू लागला. बंद केलं, पुन्हा पुन्हा सेल्फ मारला. शेवटी इंजिन हळू फिरत ठेवलं आणि ‘काय गोड चालतंय’ म्हणत आम्ही चहा घेतला. आठवड्याभरात टकटक सुरू झाली. उघडून पाहतो तर कॅमचे दोन उंचवटे झिजलेले, टॅपेटच्या तळाला खड्डे. मिस्त्रींचा दोष नव्हता. घाई माझी होती.

असं का झालं? कॅमशाफ्ट हा उंचवटे असलेला दांडा. उंचवटा टॅपेटला वर ढकलतो आणि पुढे पुशरॉड व रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतो. अशा जुन्या इंजिनांत मध्ये रोलर नसतो. टॅपेटचा तळ थेट उंचवट्यावर घासतो. म्हणून टॅपेट स्वतःभोवती फिरत राहणं फार गरजेचं. चंदनाचं खोड आपण सहाणेवर गोल फिरवतो. एकाच जागी घासलं तर ते एकाच बाजूला झिजेल. तसंच हे.

नवे पृष्ठभाग एकमेकांना सरावलेले नसतात. त्यांच्यावर तेल पडतं ते मुख्यतः खालच्या क्रँकशाफ्टच्या फिरण्यातून उडून. इंजिन हळू फिरलं की तेल कमी उडतं आणि स्प्रिंगचा दाब मात्र उंचवट्याच्या टोकावर पुरेपूर पडतो. आपल्याला गोड वाटणारी हळू चालच नव्या कॅमला मारक ठरते.

दुसऱ्या वेळी तयारी आधी केली. नव्या कॅमला टॅपेटही नवेच घेतले. उंचवट्यांवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमयुक्त पेस्ट लावली. ऑइल पंप तेलाने भरूनच बसवला. टायमिंग जुळवलं, रेडिएटर भरला, कार्बुरेटरची गळती तपासली. तेल भरपूर जस्तयुक्त घटक असलेलं घेतलं. या घटकातल्या फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून नव्या गाड्यांच्या तेलात त्याचं प्रमाण कमी केलेलं असतं.

गाडी उघड्यावर उभी केली, कारण बंद जागेतला धूर जीवघेणा. इंजिन सुरू होताच वेग मिनिटाला २,००० फेऱ्यांवर नेला आणि २० ते ३० मिनिटं २,००० ते २,५०० च्या दरम्यान कमीजास्त करत ठेवला. तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान यांवरून नजर हलवली नाही. मध्येच काही बिघडलं तर हळू फिरवत बसू नये. सरळ बंद करावं, दुरुस्त करावं आणि उरलेला वेळ भरून काढावा. शेवटी तेल आणि फिल्टर दोन्ही बदलले.

‘अति घाई संकटात नेई’ ही घाटातली पाटी आता आमच्या गॅरेजच्या भिंतीवरही आहे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)