साधं पेट्रोल की पंच्याण्णवचं? आधी गाडीचं पुस्तक उघडा

तळेगाव स्टेशनकडून इंद्रायणी ओलांडून आंबीकडे येणाऱ्या रस्त्यावर सकाळी सहा-साडेसहाला तीन तऱ्हेच्या मोटारसायकली दिसतात. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून तळेगावला निघालेली शंभर सीसीची जुनी गाडी, एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराची दीडशे सीसीची, आणि कॉलेजच्या पोराची तोंड वर करून किंचाळणारी रेसिंग गाडी. तिघेही एकाच पंपावर उभे राहतात आणि पंपावरचा मुलगा तिघांना एकच प्रश्न विचारतो, "साधं का पॉवर?" त्यावर दूधवाला विचारात पडतो. लिटरमागे चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण ॲव्हरेज वाढेल, चढावर गाडी ओढेल, इंजिन टिकेल, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. हे सांगणारे गावात पुष्कळ आहेत. म्हणून या 'ऑक्टेन' नावाच्या भानगडीची एकदा नीट उकल करू.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन वर येताना दाबलं जातं आणि मग प्लगची ठिणगी पडते. दाबलं की मिश्रण तापतं. पेट्रोल कच्चं असेल तर ठिणगीचा जाळ पोचायच्या आत त्याचा काही भाग आपोआप भडकतो. पिस्टनवर हातोडा बसावा तसा तो स्फोट असतो. त्याला मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. हा दाब सोसून ठिणगीची वाट बघण्याची पेट्रोलची जी क्षमता, तिचा आकडा म्हणजे ऑक्टेन.

आपल्या भाषेत सांगायचं तर पीव्हीसी पाइपासारखं आहे हे. विहिरीवरच्या मोटारीला चार किलो दाबाचा पाइप पुरत असताना तुम्ही सहा किलोचा टाकलात, तर पाणी वाढत नाही. पाइप फुटत नाही एवढंच, आणि तो आधीच फुटत नव्हता. उलट दाब जास्त असताना हलका पाइप टाकलात तर तो फुटणारच. ऑक्टेनचं गणित याहून वेगळं नाही.

हा आकडा १९२६ साली ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने बसवला. हेप्टेन नावाचं द्रव लगेच भडकतं, त्याला शून्य दिलं. आयसो-ऑक्टेन दाब चांगला सोसतं, त्याला शंभर. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन मिसळल्यावर जसं वागेल तसं वागणारं पेट्रोल. (कुणाचा पुतण्या अमेरिकेत असेल आणि "आमच्याकडे तर ८७च चालतं" असं सांगत असेल, तर गोंधळू नका. तिकडची मोजणी वेगळी आहे. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१.)

ऑक्टेन वाढवायचा सर्वांत स्वस्त उपाय पूर्वी शिसं हा होता. १९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली याने तो शोधला आणि पुढं कित्येक वर्षं साऱ्या जगाच्या गाड्यांनी धुरातून शिसं सोडलं. लहान मुलांच्या मेंदूला ते घातक. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, जगातून ते पुरतं जायला २०२१ उजाडलं. त्याच जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना आपल्या तळेगाव एमआयडीसीत २००८ ते २०२० चालला. आंबीच्या आसपासच्या कित्येक पोरांनी तिथं काम केलं असेल, पण या जुन्या गोष्टीची कुणाला कल्पना असेल असं वाटत नाही.

आता शिशाची जागा आपल्या उसाने आणि मक्याने घेतली आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर आहे, त्यामुळे ते मिसळलं की पेट्रोलचा आकडा चढतो. आपल्याकडचं साधं पेट्रोल एकेकाळी ८८ ऑक्टेनचं होतं, पुढं ते ९१ झालं. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ पर्यंत जातं, असं केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे बघा, ज्या पंच्याण्णवसाठी तुम्ही वेगळ्या नळीपाशी जादा पैसे मोजता, तो आकडा सरकारच्या म्हणण्याप्रमाणे साध्या नळीतूनच येतो आहे. महागड्या पेट्रोलात इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं थोडी जास्त असतात, तो फायदा नाकारत नाही. पण 'पंच्याण्णवचं घेतलं म्हणजे इथेनॉल टळलं' असं समजू नका. त्यातही इथेनॉल असू शकतं, पंपावर विचारून घ्या.

कोणत्या गाडीला किती?

गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढा. ते बहुतेकांच्या घरी कपाटात, आरसी बुकाच्या पिशवीत, प्लॅस्टिकसुद्धा न फाडता पडलेलं असतं. त्यात इंधनाच्या पानावर कमीत कमी किती ऑक्टेन लागतो ते छापलेलं असतं. काही गाड्यांच्या टाकीच्या झाकणापाशीही चिठ्ठी असते. तो आकडा ९१ असेल तर ९१ किंवा त्याच्या वरचं कोणतंही पेट्रोल चालतं, आणि वरचं घातल्याने जादा काही पदरात पडत नाही.

असं का, ते इंजिनाच्या दाबावरून कळतं. कंपन्या त्याला 'कॉम्प्रेशन रेशो' म्हणतात. पल्सर १५० चा तो साडेनवास एक आहे, नव्या क्लासिक ३५० बुलेटचाही तेवढाच. स्प्लेंडरचा दहाच्या आसपास. ही सगळी साध्या पेट्रोलवर निवांत चालणारी इंजिनं. यामाहाच्या आर-१५ चा ११.६ आहे, चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० चा त्याहून जास्त. अशा गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मात्र नीट वाचा आणि त्याखालचं पेट्रोल घालू नका. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये पुण्यासह दहा शहरांत आणलं, ते लाखो रुपयांच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून. दुधाच्या गाडीत ते ओतणं म्हणजे शेळीला सरकी पेंड पोतंभर घालण्यासारखं.

दुसरं कारण असं, की मोठ्या मोटारींत नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ बदलणारा सेन्सर असतो. चांगलं पेट्रोल मिळालं की ती गाडी त्याचा फायदा उचलते. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत तो नसतोच. तुम्ही काय ओतलंय हे त्या इंजिनाला कळतच नाही, मग ते जोर कुठून वाढवणार?

हिशेब करून बघा. दोन पेट्रोलांत लिटरला सात रुपये फरक धरला आणि रोज एक लिटर लागलं, तर वर्षाला २,५५५ रुपये होतात. तेवढ्यात वेळच्या वेळी ऑइल बदलून, नवा प्लग आणि एअर फिल्टर टाकून चार पैसे उरतात. ॲव्हरेज खरं तर त्यानेच सुधारतं. इथेनॉलमुळे ॲव्हरेज थोडं घटतं हे खरं आहे, कारण लिटरमागे त्यात उष्णता कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दुचाकीसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. पण ती घट महाग पेट्रोलाने भरून निघत नाही.

चढावर खडखड होते, त्याचं काय?

"साहेब, आंदर मावळातल्या चढाला गाडी खडखडते, म्हणून पॉवर टाकतो," असं म्हणणारे भेटतात. खडखड खरी असेल, पण आधी स्वतःचा डावा पाय बघा. मागं दोन कॅन, वर पेंडेचं पोतं, आणि गडी टॉप गियरवर तसाच रेटतोय. इंजिन मरत-मरत फिरतं तेव्हा नॉकिंग होणारच. एक गियर खाली टाका, निम्म्या गाड्यांचा आवाज तिथंच थांबतो. तरी राहिला तर मेकॅनिककडून कार्बन साचलाय का, प्लग चुकीच्या नंबरचा बसवलाय का, टायमिंग हललंय का, ऑइल कमी आहे का, हे बघून घ्या. गाडी उभी असताना किटकिट ऐकू येत असेल तर तो बहुधा टॅपेटचा आवाज, त्याचा पेट्रोलशी काही संबंध नाही.

हे सगळं ठीक असूनही खडखड नव्याने सुरू झाली, तीही पेट्रोल भरल्यावर, तर मात्र संशय घ्या. भेसळ! रॉकेलचा ऑक्टेन अगदी खालचा. थोडं मिसळलं तरी पेट्रोलचा आकडा घसरतो आणि इंजिन ठोकायला लागतं. ही भेसळ किती मोठ्या पैशाची होती हे महाराष्ट्राने बघितलंय. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळखोरांनी जिवंत जाळलं. रेशनचं रॉकेल आता पूर्वीसारखं सुटत नाही, पण भेसळीला दुसरी स्वस्त द्रावणंही चालतात. वाडीवस्तीवर बाटलीतून मिळणारं पेट्रोल तर कुठून आलं, किती दिवसांचं आहे, काहीच कळत नाही. नड असेल तेव्हा अर्धा लिटर ठीक, रोजची सवय नको.

पंपावर तुम्हाला हक्क आहेत. फिल्टर पेपर मागा. नळीचं तोंड पुसून त्यावर एक थेंब टाका. उडून गेल्यावर डाग राहिला तर पेट्रोल संशयास्पद. माप कमी वाटलं तर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप मागा. घनता लिहिलेली असते, तीही तपासून मागता येते. नोंदीत आणि प्रत्यक्षात तीनपेक्षा जास्त फरक निघाला तर तेल कंपनीकडे आणि तहसीलच्या पुरवठा शाखेकडे लेखी तक्रार द्या. ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनी हे चार ओळींत लिहून फलकावर लावलं तर उत्तमच.

आता मावळातली सर्वांत मोठी अडचण, ती म्हणजे पाऊस. आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत गाडी आठवडा-आठवडा बांधावर, गोठ्याच्या वळचणीला भिजत उभी असते. झाकणाचं रबर गेलं असेल तर टाकीत पाणी उतरतं. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात. मग वर जे पेट्रोल उरतं त्यातलं इथेनॉल निघून गेलेलं असतं, म्हणजे ऑक्टेनही गेला. तळाचं पाणी नळीत आलं की गाडी बंद, आणि पत्र्याची टाकी आतून गंजते ती वेगळी. अशा टाकीत कितीही महागाचं पेट्रोल ओता, तेही बिघडतं. म्हणून जूनच्या आधी झाकणाचं रबर बदला, पावसाळ्यात टाकी जमेल तेवढी भरलेली ठेवा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, आणि गाडी आडोशाला लावा. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर इथेनॉलमुळे पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक होतात का, झिरपतात का, तेही प्रत्येक सर्व्हिसिंगला बघायला सांगा.

हीच गोष्ट फवारणी पंपाची आणि गवत कापायच्या यंत्राची. भात निघाला की ती यंत्रं माळ्यावर जातात आणि थेट पुढच्या जूनला खाली येतात. टाकीत उरलेलं पेट्रोल तोवर शिळं होऊन कार्बोरेटरमध्ये चिकट साय धरतं. माळ्यावर टाकायच्या आधी टाकी रिकामी करा, यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मगच ठेवा. टू-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलात ऑइल किती मिसळायचं ते त्याच्या पुस्तकात आहे, अंदाजाने ओतू नका. काढलेलं पेट्रोल ताजं असेल तर गाळून मोटारसायकलमध्ये वापरून टाका. ऑइल मिसळलेलं मात्र फोर-स्ट्रोक गाडीत घालू नका.