टर्बोला पांघरूण

अंगावर गोधडी घेतली की ऊब येते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे टर्बो असलेल्या गाडीत सर्वांत जास्त तापणाऱ्या भागाला काचतंतूंची पट्टी गुंडाळली की बॉनेटखालची उष्णता कमी होते, असे सांगितल्यावर ऐकणारा बुचकळ्यात पडतो. आधीच लाल होणाऱ्या लोखंडाला वर पांघरूण कशाला? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर गोधडीतच आहे. गोधडी ऊब निर्माण करत नाही, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. थंडीत आपल्याला पांघरुणाच्या आत असलेल्याची काळजी असते. टर्बोच्या बाबतीत काळजी असते ती बाहेरच्या शेजाऱ्यांची. शेजारी गार राहतात, कारण आतला धातू आणखी तापतो. या व्यवहारात फायदा एकाचा होतो आणि किंमत दुसरा मोजतो. ती किंमत कोण आणि किती मोजणार हे पाहून पांघरूण घातले, तर ते उत्तम काम करते. ते न पाहता सरसकट पट्ट्या गुंडाळल्या, तर चांगल्या गाडीचे नुकसान होते.

आधी उष्णता किती असते ते पाहू. पेट्रोल जाळून मिळालेल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो. तेवढाच भाग रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगावाटे जातो आणि जवळपास तेवढाच धुराबरोबर बाहेर पडतो. हा धुराबरोबर वाया जाणारा भाग कामाला लावण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने १९०५ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. जळालेल्या वायूने एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. आजच्या लहान गाड्यांतला हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पूर्ण भार असताना पेट्रोल इंजिनाचा धूर टर्बोत शिरतो तेव्हा ९०० अंश सेल्सिअसच्या वर असू शकतो. डिझेलचा त्याहून थोडा कमी. अशा धुराने तापलेले टर्बाइनचे बिडाचे घर अंधारात मंद लाल दिसू लागते. लोखंड सव्वापाचशे अंशांच्या आसपास दिसण्याइतके लाल होते, म्हणजे ही लाली पाहिली की निदान तेवढे तापमान आहे असे खुशाल समजावे.

इथे एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. योझेफ स्टेफान याने १८७९ मध्ये तो प्रयोगांच्या आधारे मांडला आणि पाच वर्षांनी लुडविग बोल्ट्झमन याने त्याला सैद्धांतिक पाया दिला. तापलेली वस्तू जी उष्णता किरणांवाटे फेकते, ती तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ७०० अंशांच्या पृष्ठभागाची ३५० अंशांच्या पृष्ठभागाशी तुलना करा. आकडा दुप्पट दिसतो, पण किरणांवाटे बाहेर पडणारी उष्णता जवळजवळ सहापट असते. गंजलेले, खरखरीत बीड ७०० अंशांना असेल, तर त्याच्या दर चौरस मीटरमधून ४० किलोवॉटच्या आसपास किरणोत्सर्ग होतो. टर्बाइनचे घर साधारण नारळाएवढे. त्याचा पृष्ठभाग ४०० चौरस सेंटीमीटर धरला, तर हिशेब दीड किलोवॉटच्या पुढे जातो. न्हाणीघरातल्या छोट्या गीझरएवढी ही उष्णता. गाडी उभी असताना किंवा रांगत असताना बॉनेटखाली वारा जवळजवळ नसतो. तेव्हा धातूतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा पाचातला चार हिस्से वाटा किरणांचाच असतो. ही उष्णता हवेला फारशी हात न लावता समोरच्या वायरवर, नळीवर, प्लॅस्टिकच्या डब्यावर थेट पडते. ‘फॅन चालू आहे ना, मग कशाला काळजी’ हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. फॅन हवा हलवतो, किरण अडवत नाही.

हे सगळे टोकाला जाते ते घाटात. खंडाळ्याचा किंवा खंबाटकीचा चढ मे महिन्यात भरलेल्या गाडीने चढताना टर्बो पूर्ण जोरात असतो, वेग मात्र कमी असतो, म्हणजे समोरून येणारा वाराही कमी. त्यात माथ्याजवळ वाहतूक खोळंबली की तापलेला धातू जागेवरच राहतो आणि सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडते. अशा वेळी वायरीवरचे आवरण, रबरी होजपाइप, सेन्सरचे प्लॅस्टिकचे जोड, बॅटरी या सगळ्यांचे आयुष्य झिजते. वायरिंगची साधी आवरणे शंभर-सव्वाशे अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेली असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा पदार्थांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा एक ढोबळ नियम अभियंते वापरतात. तो प्रत्येक पदार्थाला तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा बरोबर दाखवतो. म्हणून पाच-सहा वर्षांच्या गाडीत टर्बोजवळची वायर बोटाने वाकवली की तिचे आवरण बिस्किटासारखे तडकते आणि त्याच वायरीचा दूरचा भाग मऊ असतो.

हवेचाही प्रश्न आहे. हवा तापली की विरळ होते. तीस अंशांच्या आसपास दर दहा अंशांमागे सुमारे तीन टक्क्यांनी. ४० अंशांची हवा टर्बोने वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेली, तर ती बाहेर पडताना १४० अंशांच्या आसपास असते. तीच हवा बॉनेटखालून ६० अंशांची होऊन आत आली, तर बाहेर पडताना १६५ च्या जवळ जाते. आत शिरतानाचा वीस अंशांचा फरक बाहेर पडताना पंचवीस-सव्वीस अंशांचा होतो. पुढे इंटरकूलर त्यातला बराच भाग काढून टाकतो हे खरे. पण तो स्वतः गरम हवेत बसलेला असेल, तर तोही हतबल होतो. आत जाणारी हवा गरम असली की इंजिन नॉकिंगच्या, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याच्या, भीतीने ठिणगीची वेळ मागे सरकवते, आणि घाटात गाडी ‘ओढत नाही’ असे वाटते त्याचे एक कारण हे असते.

आता पांघरूण. काचतंतू, सिलिका किंवा बेसाल्टचे तंतू स्वतः फार मोठे उष्णतारोधक नसतात. खरे काम करते ती त्यांच्या जाळीत अडकलेली हवा. हलायला जागा न मिळालेली हवा बिडापेक्षा शेकडो पटींनी मंद उष्णतावाहक आहे. बेसाल्टचा तंतू म्हणजे तोच काळा पाषाण, ज्यातून आपला सह्याद्री उभा राहिला आणि वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले. तो चौदाशे अंशांच्या वर वितळवून बारीक छिद्रांतून ओढला की धागा होतो. काचतंतूपेक्षा तो जास्त तापमान सोसतो. या पांघरुणाचा परिणाम हिशेबाने काढता येतो. आतला धातू ७०० अंशांना आहे असे धरून त्यावर तीन मिलिमीटर जाडीची पट्टी गुंडाळली, तर बाहेरचा पृष्ठभाग साडेतीनशेच्या थोडा वर स्थिरावतो आणि बाहेर पडणारी उष्णता पाव हिश्श्याच्या आसपास येते. सिलिकाची लोकर भरलेले बारा मिलिमीटर जाडीचे ब्लँकेट वापरले, तर पृष्ठभाग सव्वादोनशेच्या जवळ आणि उष्णता दहाव्या हिश्श्याहून कमी. हे कागदावरचे आकडे आहेत. प्रत्यक्षात सांधे उघडे राहतात, फटी राहतात, आणि फायदा बराच घटतो. तरीही एवढी घट दुसऱ्या कुठल्याही स्वस्त उपायाने मिळत नाही.

ही युक्ती गाडीवाल्यांनी शोधलेली नाही. आपल्या साखर कारखान्यात बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत जाणाऱ्या वाफेच्या नळ्या पाहा. काचलोकरीचे जाड वेष्टण आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. फिटर त्याला लॅगिंग म्हणतात. वाफेतली उष्णता वाटेत सांडू नये आणि माणूस भाजू नये, हे त्याचे दोन हेतू. जहाजांवर तर हा कायद्याचाच भाग आहे. समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, इंधनाची नळी फुटली तर ज्यावर इंधन उडू शकेल असा २२० अंशांहून तापणारा प्रत्येक पृष्ठभाग नीट झाकलेला असावा लागतो. हा आकडा उगीच ठरलेला नाही. डिझेल ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेने सुमारे तेवढ्या तापमानापासून पेट घेऊ शकते.

मग कोणी म्हणेल, हे इतके उपयोगी असते तर कंपनीनेच केले नसते का? कंपनी करतेच, फक्त वेगळ्या रूपात. टर्बोवर बसवलेला दोन थरांचा पातळ पत्रा, ज्याला गॅरेजमध्ये हीट शील्ड म्हणतात, हाच तो उपाय. चकचकीत ॲल्युमिनियम आपल्यावर पडलेल्या किरणांपैकी बहुतेक परत फेकते आणि पत्रा व धातू यांच्यात सोडलेली फट उरलेली उष्णता अडवते. काही गाड्यांत सिलिंडरांतला धूर टर्बोकडे नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दुहेरी भिंतीचा असतो, मध्ये हवेचा थर. तो धुराची उष्णता राखून ठेवतो, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना पोहोचल्याशिवाय नीट काम करत नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर गाडी सुरू होताच तो लवकर तापवणे आणखी गरजेचे झाले. काही लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याभोवती पाणी खेळवलेले असते. हा मार्ग पांघरुणाच्या नेमका उलटा: उष्णता कोंडायची नाही, पाण्यावाटे रेडिएटरकडे न्यायची. म्हणजे निर्मात्यांनी प्रश्न ओळखला आहे, उत्तरे मात्र किंमत, वजन आणि दुरुस्तीची सोय पाहून निवडली आहेत. पत्र्याखालचा बोल्ट पाच मिनिटांत उघडतो. पट्टीखालचा उघडायला सगळी पट्टी कापावी लागते.

याहून वजनदार आक्षेप धातूचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. उघड्या मॅनिफोल्डच्या आत धूर ९०० अंशांचा असला, तरी बाहेर उष्णता सांडत असल्याने धातू बराच खाली राहतो. पांघरूण घातले की ही वाट बंद होते आणि धातूचे तापमान धुराच्या जवळ सरकते. टर्बोसाठी वापरतात ते सिलिकॉन-मॉलिब्डेनम मिसळलेले बीड ८०० अंशांच्या आसपास आपल्या मर्यादेला येते. त्यापुढे निकेलचे प्रमाण जास्त असलेले बीड किंवा स्टेनलेस ओतीव लागते. मर्यादेजवळ पुनःपुन्हा तापणारा आणि थंड होणारा मॅनिफोल्ड बोल्टांच्या भोकांपाशी तडकतो. साध्या पोलादाची नळी असेल तर पट्टीखाली पावसाचे पाणी आणि रस्त्यावरचे मीठ मुरते आणि ती आतून खपल्या पडत सडते. कोकणात समुद्राकाठी चालणाऱ्या गाडीला हा धोका अधिक. म्हणून माझे मत असे, की साध्या प्रवासी गाडीत बिडाच्या मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळू नये. तिथे पत्राच योग्य. टर्बाइनच्या घराला बेताचे, काढता येणारे ब्लँकेट घालावे आणि पट्टी ठेवावी ती टर्बोच्या पुढच्या स्टेनलेस डाऊनपाइपसाठी. तिथे धूर आधीच थोडा थंडावलेला असतो आणि नळी वायरिंगच्या अगदी जवळून जाते.

टर्बोच्या मधल्या भागाला, जिथे बेअरिंग असते आणि इंजिन ऑइल वाहते, कधीही झाकू नये. इंजिन बंद केल्यावर ऑइल थांबते आणि टर्बाइनकडची साठलेली उष्णता दांड्यावाटे या भागात येते. अडीचशे-तीनशे अंशांना ऑइल जळून काळा, कडक कोळसा धरते. ब्लँकेट घातलेले घर हळू थंड होते, त्यामुळे ही पाळी लांबते. घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर रिकामे चालू ठेवावे हा जुना सल्ला ब्लँकेट घातलेल्या गाडीला अधिकच लागू पडतो. ऑइल गळणाऱ्या इंजिनाला तर पांघरूण घालूच नये. तेल प्यालेली पट्टी दिव्याच्या वातीसारखी वागते. आधी गळती बंद करायची, मग पट्टीचा विचार.

‘पट्टी बांधा, पिकअप वाढेल’ या जाहिरातीत सत्याचा कण आहे. गरम धूर टर्बाइनला जास्त ऊर्जा देतो आणि पंखा जरा लवकर वेग घेतो. पण आजच्या गाडीत किती दाब घ्यायचा हे संगणक ठरवतो. त्यामुळे रस्त्यावरच्या चालकाला हा फरक क्वचितच जाणवेल. पांघरूण घालायचे ते वायरीसाठी, होजसाठी आणि आत जाणाऱ्या हवेसाठी.

काम करताना पट्टी दोन इंचांची, दर फेऱ्यात पाव इंच आधीच्या फेऱ्यावर चढवलेली, दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या क्लॅम्पने आवळलेली असावी. काचतंतूची पट्टी पाण्यात भिजवून गुंडाळली की घट्ट बसते आणि तंतू कमी उडतात. हातमोजे आणि तोंडाला मास्क मात्र हवाच. इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर पट्टीतून धूर येतो. तंतूंवरचा चिकट लेप जळत असतो; काही वेळाने तो थांबतो. न थांबल्यास इंजिन बंद करून ऑइल कुठून येते ते शोधावे.

पण बहुतेक वाचकांना पट्टी विकत घेण्याची गरजच पडणार नाही. त्यांच्या गाडीत कंपनीने दिलेला पत्रा आहे, किंवा होता. त्याचा एखादा बोल्ट गंजून तुटला की तो खडखडतो, आणि अनेक गॅरेजांत तो आवाज बंद करण्यासाठी पत्राच काढून कोपऱ्यात टाकला जातो. पुढच्या सर्व्हिसिंगला बॉनेट उघडून टर्बोवरचा पत्रा जागेवर आहे का ते पाहा. नसेल, तर मेकॅनिकला तो नव्या बोल्टसह परत बसवायला सांगा.