लोडर-कामासाठी वापरलेला ट्रॅक्टर

लोडर-कामासाठी वापरलेला ट्रॅक्टर म्हणजे आधी शेतीत वा वाहतुकीत वापरला गेलेला, साधारणतः ३५ ते ५५ अश्वशक्तीचा असा ट्रॅक्टर, ज्याच्या पुढील भागावर हायड्रॉलिक लोडर बसविलेला आहे किंवा बसवावयाचा आहे. शेणखत, माती, वाळू, साखर कारखान्यातील मळी, धान्य वा चारा उचलून ट्रॉलीत भरणे ही या यंत्राची मुख्य कामे होत. भारतात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांपैकी बहुसंख्य ३१ ते ५० अश्वशक्तीच्या गटातील असल्याने जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारातही हाच गट सर्वाधिक आढळतो. मात्र नांगरणीसाठी उत्तम ठरलेला ट्रॅक्टर लोडरसाठीही उत्तम असेलच असे नाही. ओढण्याच्या कामात भार मागील चाकांवर येतो, तर लोडरच्या कामात तो पुढील चाकांवर येतो. आणि बहुतेक शेती ट्रॅक्टर पहिल्या कामासाठीच रचलेले असतात.

पार्श्वभूमी

ट्रॅक्टरच्या इंजिनाने तेलाचा दाब निर्माण करून अवजार उचलण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसन यांच्या थ्री पॉइंट लिंकेजमुळे रूढ झाली. १९३९ मध्ये फोर्ड ९एन या ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणात बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर याच तेलदाबाचा उपयोग पुढील बाजूस बादली उचलण्यासाठी होऊ लागला. पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात अशी जोड १९५० च्या दशकात तयार झाली व तिच्यातून बॅकहो लोडर हे स्वतंत्र यंत्र घडले. महाराष्ट्रात या यंत्राला, ते कोणत्याही कंपनीचे असो, सर्रास ‘जेसीबी’ म्हणतात.

भारतात मध्यम क्षमतेच्या ट्रॅक्टरांचे उत्पादन १९६० च्या दशकात वाढीस लागले. महिंद्र उद्योगसमूहाने अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्याने १९६३ मध्ये ट्रॅक्टर कंपनी स्थापन केली आणि मुंबईतील कांदिवली येथे बी-२७५ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. जॉन डीअर ट्रॅक्टरांचा कारखाना पुणे जिल्ह्यातील सणसवाडी येथे आहे. अशा ट्रॅक्टरांवर लोडर बहुधा कारखान्यात बसविलेला नसतो; तो स्वतंत्र उत्पादकाकडून किंवा स्थानिक कार्यशाळेतून नंतर बसविला जातो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन जुन्या लोडर ट्रॅक्टरांत जोडणीच्या दर्जाचा मोठा फरक असू शकतो.

भाराचे गणित

लोडर ट्रॅक्टरची पारख करताना अश्वशक्तीपेक्षा पुढील ॲक्सलवरील भार अधिक महत्त्वाचा ठरतो. उदाहरणादाखल २००० किलो वजनाचा, पुढील व मागील चाकांत २ मीटर अंतर असलेला ट्रॅक्टर घ्यावा. रिकाम्या स्थितीत त्याच्या पुढील ॲक्सलवर ८०० व मागील ॲक्सलवर १२०० किलो वजन आहे असे मानू. त्यावर ४०० किलोचा लोडर बसविला व त्याचा गुरुत्वमध्य पुढील ॲक्सलच्या ०.६ मीटर पुढे आहे. बादलीत ६०० किलो ओली वाळू आहे आणि ती पुढील ॲक्सलपासून दीड मीटर पुढे आहे. तरफेच्या नियमाने मागील ॲक्सलवरील वजन १२०० वरून ६३० किलोवर येते, आणि पुढील ॲक्सलवरील वजन ८०० वरून २३७० किलोवर जाते, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. ओली वाळू घनमीटरला सुमारे १.९ टन भरते, म्हणून ६०० किलो हे वजन एक तृतीयांश घनमीटरपेक्षाही कमी वाळूत गाठले जाते. कोरडे शेणखत भरण्यासाठी बनविलेली मोठी बादली वाळूच्या ढिगात घातली की हा प्रसंग रोजच येतो.

आता मागील लिंकेजवर, मागील ॲक्सलच्या १ मीटर मागे, ४०० किलोचे प्रतिवजन टांगले तर मागील भार ६३० वरून १२३० किलो होतो. पुढील भार मात्र केवळ २०० किलोंनी घटून २१७० वर येतो. प्रतिवजनामुळे ट्रॅक्टर पुढे कलंडत नाही, मागील चाकांना पकड मिळते व ब्रेक लागतात, पण पुढील ॲक्सलची सुटका होत नाही. वरील आकडे स्थिर अवस्थेचे आहेत. भरलेली बादली घेऊन चालताना खड्डा आला किंवा एकदम ब्रेक दाबला, तर पुढील भार क्षणभर याहूनही बराच वाढतो.

पुढील ॲक्सल व स्टिअरिंग

दोन चाकी चालनाच्या मध्यम ट्रॅक्टरांना पुढे बहुधा ६.००-१६ मापाचे अरुंद टायर असतात. जड भाराखाली ते मऊ जमिनीत रुततात. पुढचा ॲक्सल मध्यभागी एका जाड पिनेवर झुलतो; या पिनेचे बुश, दोन्ही टोकांचे किंगपिन, स्टब ॲक्सल व चाकांची बेअरिंग हे लोडर-कामात सर्वप्रथम झिजणारे भाग होत. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून समोरून पाहिल्यास वाकलेला ॲक्सल चटकन ओळखू येतो: चाके वरच्या बाजूस आत झुकलेली व खालच्या बाजूस बाहेर पसरलेली दिसतात. जॅक लावून चाक उचलावे आणि हाताने हलवून पाहावे. खडखडाट असल्यास तो बेअरिंगचा की किंगपिनचा हे पाहावे. टायरची एकाच बाजूने झालेली झीज हीही तीच कथा सांगते. विक्रीपूर्वी नवे टायर घातले असल्यास ही खूण पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे.

पॉवर स्टिअरिंग नसलेला ट्रॅक्टर लोडरसाठी घेऊ नये, असेच म्हणावे लागेल. भरलेल्या बादलीसह जागच्या जागी चाके वळविण्यास यांत्रिक स्टिअरिंगवर लागणारा जोर चालकाला दिवसभर सोसवत नाही. चारचाकी चालनाचा ट्रॅक्टर अधिक पकड देतो आणि त्याचा पुढील ॲक्सलही सहसा अधिक भक्कम असतो. पण त्यातील गिअर व तेलसील यांची दुरुस्ती महाग असल्याने हबजवळील तेलगळती काळजीपूर्वक पाहावी लागते.

कणा

शेती ट्रॅक्टरला मोटारीसारखी स्वतंत्र चासी क्वचितच असते. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअर बॉक्स व मागील ॲक्सलची पेटी हे ओतीव लोखंडाचे भाग एकमेकांना बोल्टने जोडूनच ट्रॅक्टरचा कणा बनतो. लोडरची चौकट केवळ इंजिनाच्या पुढील ब्रॅकेटला व क्लच हाऊसिंगला अडकविलेली असेल, तर ढिगात बादली घुसविताना येणारा प्रत्येक धक्का याच सांध्यांवर येतो. चांगल्या जोडणीत चौकटीचे लांब दांडे मागील ॲक्सलपर्यंत नेलेले असतात. इंजिन व क्लच हाऊसिंगच्या सांध्यावर ओली तेलरेषा, नवे चकाकते बोल्ट, मोठे करून पुन्हा आटे पाडलेली छिद्रे किंवा रंगाखाली लपविलेले वेल्डिंग दिसले, तर किंमत कितीही उतरली तरी तो ट्रॅक्टर सोडून देणे श्रेयस्कर असते. ओतीव लोखंडावरील वेल्डिंग योग्य तापमान राखून केले नाही, तर जोडाच्या बाजूला पुन्हा तडा जातो. हाऊसिंग बदलायचे म्हणजे ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागतो.

हायड्रॉलिक प्रणाली

लोडरला दोन हालचाली लागतात: हात उचलणे व बादली पालथी करणे. बादलीसाठी दोन्ही बाजूंनी दाब देणारे सिलिंडर हवे असतात, तर अनेक जुन्या ट्रॅक्टरांची मूळ लिफ्ट केवळ एका दिशेने दाब देते. म्हणून लोडरसाठी स्वतंत्र व्हॉल्व्ह, आणि बहुधा स्वतंत्र पंप बसवावा लागतो. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातील ट्रॅक्टरांत मूळ पंप मागील पेटीत तेलातच असतो व पीटीओच्या शाफ्टवर चालतो. अशा ट्रॅक्टरला एकेरी क्लच असेल तर पाय क्लचवर पडताच पंपही थांबतो, आणि ढिगाजवळ पोहोचताना बादली अर्ध्यातच अडकते. इंजिनाच्या पुढील टोकावरून चालणारा पंप हा यावरचा रूढ उपाय आहे. तो कसा जोडला आहे, त्याचे कपलिंग सरळ रेषेत आहे का आणि तेलाची टाकी पुरेशी मोठी आहे का, हे तपासावे.

घसरण चाचणी साधी व बोलकी असते. बादलीत मध्यम वजन घेऊन हात कमरेइतका उचलावा, इंजिन बंद करावे व दहा मिनिटे पाहावे. बादली दिसेल इतकी खाली येत असल्यास पिस्टनचे सील किंवा व्हॉल्व्ह झिजलेला असतो. यापैकी सील बदलणे स्वस्त, तर व्हॉल्व्ह बदलणे महाग. ही चाचणी तेल थंड असताना व अर्धा तास काम करून ते तापल्यावर, अशी दोनदा करावी, कारण झिजलेले सील वा व्हॉल्व्ह जाड थंड तेलात आपला दोष लपवितात. क्रोमच्या दांड्यावर ओरखडे वा गंजाचे ठिपके असतील तर नवे सीलही टिकत नाही. काही ठिकाणी उचलक्षमता वाढविण्यासाठी सुरक्षा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली चकत्या घालून दाब वाढविलेला असतो. खरेदीदाराला त्यात जोर दिसतो. प्रत्यक्षात पंप, होज व पुढील ॲक्सल या तिघांचेही आयुष्य त्यात खर्ची पडलेले असते.

तपासणीच्या वेळी उचललेल्या बादलीखाली कोणीही उभे राहू नये. होजची बारीक गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालील तेलाची सूक्ष्म धार त्वचेत शिरू शकते. अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज असते.

क्लच, गिअर व इंजिन

लोडरच्या कामात ट्रॅक्टर मिनिटागणिक पुढे-मागे होतो. त्यामुळे क्लच प्लेट, रिव्हर्स गिअर व ब्रेक यांची झीज शेतातील कामापेक्षा कितीतरी वेगाने होते. ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडला असता इंजिन बंद पडले पाहिजे. ते फिरतच राहिले तर क्लच घसरत आहे. रिव्हर्स गिअर भाराखाली सुटतो का, हे चढावर पाहावे. शटल पद्धतीचा, म्हणजे एकाच दांड्याने दिशा बदलणारा गिअर बॉक्स आणि तेलात बुडालेले ब्रेक ही लोडरसाठी अतिरिक्त पैसे मोजण्याजोगी वैशिष्ट्ये होत.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. खरेदीदार येण्यापूर्वीच तापवून ठेवलेले इंजिन संशयास्पद मानावे. तापल्यानंतरही टिकणारा निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर तेलाचा दुधाळ रंग त्यात पाणी शिरल्याचे लक्षण असते. तास-मीटरवर फारसे विसंबू नये. अनेक जुन्या मॉडेलांत तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो व ठरावीक वेगालाच खरा तास दाखवितो. शिवाय तो बंद पडलेला वा बदललेलाही असतो. पेडलांचे रबर, आसन आणि बादलीची झिजलेली धार यांवरून कामाचा अंदाज अधिक चांगला येतो. ५० अश्वशक्तीपेक्षा अधिक क्षमतेच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाले आहेत. त्याखालील गटात यांत्रिक इंधनपंपाची साधी इंजिने प्रचलित असून त्यांची दुरुस्ती तालुक्याच्या गावीही होते.

कागदपत्रे

ट्रॅक्टरवरील चासी व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ यांवाचून तो उतरत नाही. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात; ट्रॅक्टर दुसऱ्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या हद्दीत न्यावयाचा असल्यास नमुना २८ लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला हस्तांतर कळवावयाचे असते. केवळ मुद्रांकावर सही घेऊन ट्रॅक्टर देण्याची ग्रामीण भागातील प्रथा विक्रेत्यालाच अधिक धोक्याची आहे: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघात भरपाईच्या संदर्भात मालक ठरतो, असा निर्णय दिला. त्याच अधिनियमाचे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घालते. म्हणून लोडर बसविल्याची माहिती नोंदणी प्राधिकारी व विमा कंपनी या दोघांनाही असणे आवश्यक ठरते. शेतीसाठी नोंदविलेला ट्रॅक्टर भाड्याने वाळू वा मुरूम भरण्यास लावला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा वादात सापडू शकतो.

सुरक्षितता

ट्रॅक्टर उलटणे हे शेतीतील प्राणघातक अपघातांचे जगभर एक प्रमुख कारण आहे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली. अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर तयार झालेल्या व पगारी कामगार चालवीत असलेल्या ट्रॅक्टरांना ती लागू झाली. भारतातील जुन्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट क्वचितच आढळते. लोडर ट्रॅक्टरला तिची गरज अधिक असते, कारण उंचावलेल्या भरलेल्या बादलीमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि उताराला आडवे जाताना ट्रॅक्टर कुशीवर कलंडतो. चालताना बादली जमिनीपासून हातभर उंचीवरच ठेवावी, दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना अडकवून ठेवावेत आणि बादलीत माणसे चढवू नयेत.

पर्याय

रोज आठ तास माती भरण्याचेच काम असेल तर शेती ट्रॅक्टर हा योग्य पाया नव्हे. सुमारे साडेसात टन वजनाचा बॅकहो लोडर मुळातच त्या धक्क्यांसाठी बनविलेला असतो, आणि असे यंत्र तासाच्या भाड्याने सर्वत्र मिळते. वर्षातून काही आठवडे शेणखत भरणे, तलावातून आणलेला गाळ शेतात पसरविणे, गोठा वा खळे साफ करणे आणि उरलेल्या काळात ट्रॉली ओढणे, अशा मिश्र कामासाठी मात्र जुना लोडर ट्रॅक्टर किफायतशीर ठरतो. विशेषतः लोडर पिना काढून उतरविता येत असेल, तर नांगरणीच्या हंगामात पुढील ॲक्सलवर त्याचे वजन वागवावे लागत नाही.