घाट नाही, पण वारा आहे! बीसबॉसची सायकलवाट

नेदरलँड्समध्ये सायकल चालवायची म्हटली की आपल्याकडचा सायकलवीर आधी विचारतो, "चढ किती?" बीसबॉसपुरतं उत्तर एका शब्दाचं आहे: शून्य. ऱ्हाइन आणि मास या नद्या समुद्राकडे जाताना ऐसपैस पसरतात, त्या सखल पट्ट्यात दोर्द्रेख्त, वेर्कनदाम आणि द्रिमेलन या गावांच्या मधे हे सुमारे नऊ हजार हेक्टरचं राष्ट्रीय उद्यान आहे. खाड्या, बेटं, लव्हाळी, आपल्या वाळुंजाच्या कुळातली विलोची झाडं, आणि बांधांवरून जाणारे गुळगुळीत डांबरी रस्ते. सपाट रस्ता कंटाळवाणा असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे एक दिवस काढावा. इथल्या प्रत्येक बांधाला सांगण्यासारखं काही ना काही आहे.

बुडालं म्हणून घडलं

सहाशे वर्षांपूर्वी इथे जंगल नव्हतं. गावं होती, चर्च होती, भरघोस पिकणारी शेतं होती. १८ नोव्हेंबर १४२१ च्या रात्री समुद्रावरून वादळ आलं आणि बांध फुटले. दुसऱ्या दिवशी संत एलिझाबेथचा सण, म्हणून त्या महापुराला तिचंच नाव पडलं. दोष एकट्या वादळाचा नव्हता. सरदारांच्या आपसातल्या लढायांमुळे बांधांची डागडुजी राहून गेली होती, आणि मीठ व सरपण मिळवण्यासाठी लोकांनी बांधालगतची पीट माती खणून नेली होती. पुढची काही वर्षं पाणी आत शिरतच राहिलं. दंतकथा सांगते की ७२ गावं बुडाली. इतिहासकारांचा आकडा बराच लहान आहे. दोर्द्रेख्त शहर मात्र बेट होऊन बसलं, ते आजही बेटच आहे.

याच पुराची एक गोष्ट डच मुलं लहानपणीच ऐकतात. पाण्यावर एक पाळणा तरंगत येतो. आत बाळ, आणि पाळणा कलला की एक मांजर या कडेवरून त्या कडेवर उडी मारून तोल सावरते. पाळणा जिथे बांधाला लागला ते किंडरडाइक, असं लोक सांगतात. तिथल्या १९ पवनचक्क्या युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि दोर्द्रेख्तहून सायकलने सहज गाठता येतात. पवनचक्क्या पाहाच, पण सगळा दिवस तिथे घालवू नका. गर्दी तिथे असते आणि मोकळा रस्ता बीसबॉसमध्ये.

डोंगरांच्या राजाला सपाटीने हरवलं

इथला घाट म्हणजे वारा. पटत नसेल तर २०१५ ची टूर द फ्रान्स आठवा. दुसरा टप्पा उत्रेख्तहून निघून इथून पश्चिमेला, झीलंडच्या किनाऱ्यावरच्या नेल्ट्ये यान्स या कृत्रिम बेटावर संपला. वाटेत आडवा वारा सुटला, स्वारांचा घोळका फुटला आणि चढणीवरचा वाघ, कोलंबियाचा नायरो किंताना, १ मिनिट २८ सेकंद मागे पडला. तीन आठवड्यांनी पॅरिसमध्ये ख्रिस फ्रूम एकूण जिंकला तो किंतानापेक्षा फक्त १ मिनिट १२ सेकंदांनी. आल्प्स आणि पिरेनीज पालथे घालूनही त्या एका सपाट दिवसाची भरपाई झाली नाही!

त्याच किनाऱ्यावर, समुद्र अडवणाऱ्या धरणावरून, डच लोक चक्क उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा घेतात. २०१३ पासून ती चालू आहे. अंतर साडेआठ किलोमीटर, सर्वांना सारखी साधी सायकल, गिअर एकच, आणि ब्रेक लावायचा तर पेडल उलटं फिरवायचं. तारीख आधी ठरत नाही; वादळाचा अंदाज आला की काही दिवस आधी घोषणा होते.

खाणीतून आलेले आकडे

बांधांवर ठिकठिकाणी हिरव्या-पांढऱ्या पाट्या दिसतात आणि त्यांवर नुसते आकडे. ४३, मग ६७, मग १२. हे सायकलवाटांचे नाके. निघण्याआधी आकड्यांची यादी कागदावर लिहून हँडलला चिकटवली की काम झालं, नकाशा उघडायला नको. ही युक्ती हॉलंडची नाही, शेजारच्या बेल्जियमची. लिम्बर्ग प्रांतातले खाण अभियंता ह्युगो बोलन यांनी भुयारांच्या चौकांना आकडे दिलेले पाहिले होते. कोळशाच्या खाणी बंद झाल्यावर तीच पद्धत त्यांनी सायकलवाटांसाठी सुचवली. १९९५ मध्ये तिथे पहिलं जाळं तयार झालं आणि पुढे डच लोकांनी ते सगळ्या देशात पसरवलं. आकडे ९९ च्या आतच असतात, त्यामुळे तोच आकडा दुसऱ्या भागात पुन्हा भेटतो. एवढं लक्षात ठेवा.

हॉलंडात म्हशी

आता माझा सर्वात आवडता तुकडा. दोर्द्रेख्तहून पूर्वेला गेलं की कोप फान हेट लांट नावाच्या टोकाशी रस्ता संपतो आणि समोर नियुव मेर्वेड नदी आडवी येते. हे रुंद पात्र एकोणिसाव्या शतकात माणसांनी खणलं आहे. छोट्या फेरीबोटीवर सायकल चढवायची, काही मिनिटांत पलीकडे उतरायचं, की नोर्डवार्ड सुरू.

१९९३ आणि १९९५ साली डच नद्यांना मोठे पूर आले. दुसऱ्या वेळी अडीच लाख माणसांना घर सोडावं लागलं. तोवरचा उपाय एकच होता, बांध आणखी उंच करा. यावेळी सरकारने ठरवलं की नदीला तिची जागा परत द्यायची. नोर्डवार्ड हा सुमारे साडेचार हजार हेक्टरचा शेतीचा पोल्डर, म्हणजे बांधांनी वेढून कोरडी राखलेली सखल जमीन. त्याचे नदीकडचे बांध ठरवून खाली उतरवले. २०१५ पर्यंत काम पुरं झालं. आता पूर आला की पाणी इथून वाहतं आणि वरच्या अंगाला खोरिंखेम शहरापाशी नदीची पातळी ३० सेंटिमीटरने उतरते. काही शेतकरी दुसरीकडे गेले. जे राहिले त्यांची घरं मातीच्या उंच टेकाडांवर उभी आहेत. पिकत्या जमिनीवर पाणी सोडायला मान्यता देणं सोपं नव्हतं. शहर कोरडं राहतं ते या लोकांमुळे, याची जाणीव ठेवूनच इथून जावं.

रस्ता पुलामागून पूल ओलांडत जातो. खाली गवतात पाहाल तर काळ्याभोर म्हशी! सजावटीसाठी नाहीत हं. झाडोरा माजला तर पुराचं पाणी अडेल, म्हणून तो चरून आखूड ठेवायचं काम त्यांच्याकडे आहे. पुढे फोर्ट स्ट्युरखातजवळ याच्या नेमकं उलट आहे. तिथे बांधासमोर विलोची झाडं मुद्दाम दाट लावली आहेत. लाटांचा जोर ती झाडं मोडतात, म्हणून मागचा बांध कमी उंचीचा ठेवता आला. पाण्याशी वागण्याची इतकी शहाणी रीत सायकलवरून, एका सकाळीत पाहायला मिळते. पूररेषेवरून वाद झडणाऱ्या आपल्या शहरांतल्या अभियंत्यांनी आणि नगरसेवकांनी हा तुकडा जरूर पाहावा.

अंधारातली वल्ही

१९४४-४५ च्या हिवाळ्यात बीसबॉस ही युद्धाची सीमा होती. दक्षिणेचा ब्राबांट मुक्त झालेला, उत्तर जर्मनांच्या ताब्यात. या खाड्यांचा कोपरा न् कोपरा माहीत असलेले २१ स्थानिक रात्री होड्या वल्हवत जर्मन पहारा चुकवून ये-जा करत. त्यांनी तीनशेहून अधिक फेऱ्या केल्या. कागदपत्रं, औषधं, अडकलेले वैमानिक आणि लपलेले ज्यू लोक, सगळं याच पाण्यावरून गेलं. आरी फान द्रील आणि केस फान द सांदे हे दोघे पकडले गेले आणि ३० एप्रिल १९४५ ला त्यांना गोळ्या घातल्या. नेदरलँड्समधल्या जर्मन शरणागतीला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. वेर्कनदामजवळच्या बीसबॉस संग्रहालयात ही कहाणी सांगितली आहे. तिथे सायकल लावून आत जाच. संग्रहालयाच्या छपरावर गवत आहे, आणि छपरावर चालताही येतं.

दातांची करामत

वाटेत कुणी पेन्सिलीला टोक काढावं तसे कुरतडलेले बुंधे दिसले तर तो बीव्हर. देशातला शेवटचा बीव्हर १८२६ मध्ये मारला गेला होता. १९८८ मध्ये जर्मनीच्या एल्ब नदीवरून काही बीव्हर आणून बीसबॉसमध्येच सोडले, आणि इथून ही जात पुन्हा रुजली. मागोमाग मोठे पक्षी आले. पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुड २०१२ पासून इथे घरटी करतात. भिगवणला हिवाळ्यात माशावर झेपावणारा ऑस्प्रे आपल्याला माहीत आहे. नेदरलँड्समध्ये त्याची पहिली यशस्वी वीण २०१६ मध्ये झाली, तीही बीसबॉसमध्ये.

आणि तहान लागली तर? रॉटरडॅमच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथल्याच तीन मोठ्या जलाशयांत काही महिने मुरलेलं असतं. मास नदीचं पाणी तिथे निवांत थांबतं, गाळ खाली बसतो, आणि निम्मी सफाई काळच करून टाकतो.

निघण्याआधी

रॉटरडॅमहून दोर्द्रेख्तला येणाऱ्या वॉटरबसमध्ये सायकल नेता येते. ट्रेनमध्येही नेता येते, पण वेगळं तिकीट काढून आणि कामावर जाण्या-येण्याची गर्दीची वेळ टाळून. बांधावर मागून रेसिंग सायकलींची रांग आली तर उजवीकडे सरका, "पाल्ट्ये!" अशी आरोळी ऐकलीत तर पुढे रस्त्याच्या मधोमध खांब आहे. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर निवडा, फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा. वारा बहुतेकदा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा जाताना तो छातीवर घ्या आणि परतीला पाठीवर. आणि दुर्बीण बॅगेत ठेवू नका, गळ्यातच असू द्या. समुद्रगरुड थांबून वाट पाहत नाही.