कारंज्याची अडत आणि संगणकावरचा बाजार

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. भारताच्या आर्थिक इतिहासातही या गावाला एक स्थान आहे. ते मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नसते. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये येथे स्थापन झालेला कापसाचा बाजार हा देशातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. त्यामागे शेतकऱ्याविषयीचा कळवळा होता असे नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी दराने मिळावा, हा राज्यकर्त्यांचा मुख्य हेतू होता. तथापि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्यानंतर एक तत्त्व हळूहळू रूढ झाले: बाजारात कोणी कोणाकडून किती पैसे कापून घ्यावेत, हा केवळ दोघांमधला खाजगी मामला नव्हे.

आज या तत्त्वाची आठवण करून देण्याचे कारण निराळे आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट केलेल्या या जिल्ह्यात सुशिक्षितांना सामावून घेईल अशी कारखानदारी नाही. साहजिकच भाषांतर, चित्रांकन, हिशेबलेखन, संगणकाची कामे अशी कौशल्ये घेऊन पदवीधर तरुण एका नव्या बाजारात उतरू लागले आहेत. अपवर्क, फायव्हर यांसारख्या मंचांवर परदेशचा ग्राहक घरबसल्या भेटतो. परंतु या बाजारातही अडत आहे, आणि तिचा हिशेब न करताच बहुतेक जण आपला भाव सांगून बसतात.

अडतीचे नवे रूप

अडत्या काहीच देत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो गिऱ्हाईक आणतो, व्यवहार जुळवतो आणि पैशाची हमी घेतो. संगणकावरचे मंचही हेच करतात. प्रश्न मोबदल्याचा आहे. फायव्हरवर काम करणाऱ्याच्या मिळकतीतून २० टक्के रक्कम कापली जाते. अपवर्कवर २०१६ पासून प्रत्येक ग्राहकाच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १० हजार डॉलरपर्यंत १० टक्के व त्यावर ५ टक्के अशी उतरती श्रेणी होती. मे २०२३ मध्ये ती मोडून सरसकट १० टक्के दर आला, आणि मे २०२५ पासून नव्या करारांसाठी शून्य ते १५ टक्के असा बदलता दर लागू झाला. शिवाय काम मागण्यासाठी जो अर्ज करावयाचा, त्यालाही पैसे मोजावे लागतात. नऊ वर्षांत तीन पद्धती झाल्या. त्या मंचानेच ठरविल्या.

वीस टक्क्यांचे पंचवीस टक्के

आता हिशेब पाहू. समजा, कारंज्याच्या एका अनुवादिकेला एका कामाचे १०,००० रुपये हाती पडावयास हवे आहेत आणि मंचाची कपात २० टक्के आहे. ती सरळ मनाने २० टक्के वाढवून १२,००० रुपये सांगते. कपात होते २,४०० रुपये. हाती उरतात ९,६००. चूक कोठे झाली? कपात तिच्या १०,००० वर होत नाही, तिने सांगितलेल्या संपूर्ण रकमेवर होते. शंभरातले ८० उरत असतील तर हव्या असलेल्या रकमेस ०.८० ने भागावे लागते. उत्तर येते १२,५००. म्हणजे २० टक्क्यांची कपात भरून काढण्यास भाव २५ टक्के वाढवावा लागतो.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. मंचाच्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला गेला, तर २० चे २३.६ टक्के होतात. डॉलरचे रुपये करताना आणखी २ टक्के गेले, असे धरले तर शंभरातले जेमतेम ७५ उरतात आणि १०,००० रुपयांसाठी सुमारे १३,३५६ रुपये सांगावे लागतात.

याहूनही मोठी चूक वेळेच्या हिशेबात होते. महिन्याला ३०,००० रुपये हवेत आणि काम १६० तास, म्हणून तासाला १८७ रुपये पुरे, असे वाटते. परंतु अर्ज लिहिणे, पत्रव्यवहार, दुरुस्त्या, वीज गेल्यामुळे खोळंबलेली कामे यांत ६० तास गेले, तर पैसे मिळतात ते १०० तासांचेच. दर झाला ३०० रुपये; त्यावर वरील कपाती धरल्या की सुमारे ४००. १८७ आणि ४०० यांतील अंतर म्हणजे त्या तरुणाने नकळत दिलेली सूट होय.

भार कोणावर?

यावर एक रास्त आक्षेप येईल. दर वाढवून सांगितला तर ग्राहक स्वस्तातल्या माणसाकडे जाणार नाही काय? जाईल, हे खरे आहे. शुल्क कागदोपत्री कोणीही भरो, त्याचा खरा भार ज्याच्यापुढे पर्याय कमी त्याच्यावरच पडतो, हे अर्थशास्त्रातील जुने सूत्र आहे. भाजीपाला व फळे यांवरील अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये घेतला. निर्णय योग्यच होता. परंतु गाडी भरून आणलेला माल परत नेणे ज्याला परवडत नाही, त्याला खरेदीदार तेवढाच कमी भाव देऊ शकतो. अनुवादिकेची स्थिती याहून फार वेगळी नाही. मंचावर भेटलेल्या ग्राहकाशी परस्पर व्यवहार करण्यासही अपवर्कच्या नियमानुसार दोन वर्षे बंदी आहे. त्यातून सुटावयाचे तर वेगळी रक्कम मोजावी लागते.

मग या हिशेबाचा उपयोग काय? उपयोग हा की, कोणत्या भावाखाली काम घेणे म्हणजे तोटा, हे कळते. तो आकडा ठाऊक असलेला माणूस नकार देऊ शकतो, विशेष कौशल्याचे काम शोधू शकतो, निदान आपण ओळखीसाठी तोटा सोसत आहोत हे जाणून सोसतो. ज्याला आकडाच ठाऊक नाही, तो केवळ राबतो.

वैयक्तिक सावधपणाने सर्व प्रश्न सुटणार नाही, हेही उघड आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मंचावर काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या केली आणि मंचचालकांनी कल्याण निधीस हातभार लावावा अशी तरतूद केली. कपात किती असावी, ती बदलण्यापूर्वी किती मुदत द्यावी, याविषयी मात्र ती संहिता मौन बाळगते. मुंबई इलाख्यातील १९२७ च्या कापूस बाजार कायद्याने बाजार समितीत शेतकऱ्याला जागा दिली. तशी जागा या नव्या बाजारात काम करणाऱ्याला अजून मिळावयाची आहे.

ती मिळेपर्यंत जिल्ह्यातील वाणिज्य व कला महाविद्यालयांना एक काम सहज करता येण्याजोगे आहे. नफा-तोट्याची उदाहरणे शिकविताना कापड दुकानदाराच्या जोडीला या अनुवादिकेचेही उदाहरण फळ्यावर मांडावे. भागाकार एकच आहे. परंतु वर्गात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या महिन्याच्या मिळकतीचा तो प्रश्न असेल.