'इन्फर्नल अफेअर्स': एक खबऱ्या इकडे, एक तिकडे

मंडळी, थ्रिलर आवडत असतील तर २००२ चा हा हाँगकाँगचा सिनेमा चुकवू नका. दिग्दर्शक अँड्र्यू लाउ आणि ॲलन माक.

टोनी लिउंग हा टोळीत घुसलेला पोलीस, तर अँडी लाउ हा पोलीस खात्यात पेरलेला टोळीचा माणूस. दोघांनाही एकच काम मिळतं, समोरचा खबऱ्या शोधायचा.

ड्रग्जच्या सौद्याचा प्रसंग नीट बघा. टोनी बोटांनी हलकेच टकटक करतो. बघणाऱ्याला वाटावं चाळा आहे, पण ती टकटक म्हणजे मोर्स कोड, थेट पोलिसांपर्यंत पोचणारा. गोळी सुटत नाही, तरी छाती धडधडते.

मूळ कँटोनीज नाव बौद्ध कल्पनेतल्या 'अवीचि' नरकावरून आलंय, जिथल्या यातनांना खंड नसतो. वर्षानुवर्षं खोटं आयुष्य जगणाऱ्या या दोघांना ते तंतोतंत लागू पडतं.

मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द डिपार्टेड' (२००६) याचाच रिमेक. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ४ ऑस्कर मिळाले. पण आधी मूळ सिनेमा बघा, आणि शेवट कुणाला सांगू नका!